बाबा, याला शिकवायला बसू नका

माझ्या मुलीने माझी एकही कादंबरी वाचलेली नाही. ही तक्रार नव्हे. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला नावे आणि जमा या दोन्ही बाजू दिसतात आणि या खात्यातली बाकी कुणाच्या नावावर निघते, हे मला पुरते ठाऊक आहे.

गेल्या जूनमध्ये तिची बदली चंद्रपूरला झाली आणि ती साडेचार वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे राहायला आली. जावई पुण्यातच आहेत, ते महिन्यातून एकदा येतात. पहिल्याच संध्याकाळी सामान लावता लावता ती म्हणाली, "बाबा, एक सांगू? याला फिरायला न्या, गोष्टी सांगा, काय लाड करायचे ते करा. पण याला शिकवायला बसू नका."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बायकोलाही आठवले असणार. त्या क्षणी आम्ही तिघेही चंद्रपुरात नव्हतो. धानोऱ्याला होतो, १९८९ सालात.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. तिकडची बदली म्हणजे शिक्षा, असे नोकरदार माणसे मानत. मी मात्र आनंदाने गेलो, कारण मला लिहायला निवांतपणा हवा होता. धानोऱ्यात तो नको इतका होता. संध्याकाळी रोकड जुळली की करण्यासारखे काही नसे. विजेचा भरवसा नव्हता. कंदिलाच्या उजेडात कादंबरी पुढे सरकेना, तेव्हा मी मुलीला शिकवायला घेतले.

ती तेव्हा चार वर्षांची. गडचिरोलीच्या बाजारातून मी मुळाक्षरांचा रंगीत तक्ता आणला, भिंतीवर ठोकला आणि पहिल्या चित्रावर पट्टी ठेवली. अ अननसाचा. ती म्हणाली, "अननस म्हणजे काय?" तिने अननस पाहिलेला नव्हता. धानोऱ्याच्या आठवडी बाजारात तो कधी आल्याचे मलाही आठवत नाही. "ते मग सांगतो, आधी म्हण," असे मी म्हटले. नंतर कित्येकदा वाटले, सगळे बिनसले ते तिथेच.

रोज पन्नास वेळा अ. मग पन्नास वेळा आ. अक्षरे लेजरमधल्या आकड्यांसारखी सरळ रांगेत हवीत, असा माझा आग्रह. पंधरा दिवसांनी पाटी हरवली. चार दिवसांनी ती तांदळाच्या कोठीत सापडली, अगदी तळाशी. ही गोष्ट आता सांगितली की लोक हसतात. मी तेव्हा हसलो नाही. मी तिला मारले.

ती शिकली. पाच वर्षांची होण्याआधी बाराखडी घडाघडा म्हणू लागली, पहिलीत पहिली आली, पुढे इंजिनिअर झाली. परीक्षेसाठी जे जे वाचावे लागते ते सगळे तिने वाचले. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी पालथी पडून पुस्तकात बुडालेली मुलगी मला आमच्या घरात कधी दिसली नाही. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे. मी वर्गणी भरत होतो, अंक येत होते आणि ते मीच वाचत होतो.

आमच्या शाखेच्या मागच्या खोलीत शिपाई राहत असे. तो सातवीपर्यंत शिकलेला, त्याची बायको अजिबात नाही. त्यांचा मुलगा माझ्या मुलीपेक्षा चार-सहा महिन्यांनी लहान. दिवसभर तो बँकेच्या व्हरांड्यात असायचा. पैसे काढायला आलेली माणसे हातातले पितळी टोकन त्याला खेळायला देत आणि खिडकीतून पुकारा झाला की तो ओरडायचा, "सात नंबर कोनाचा जी?" आकडे त्याला कुणी शिकवले नव्हते. सात नंबर आला की सात नंबरवाल्याला पैसे मिळतात, एवढे त्याला कळले होते. त्या खुणेला किंमत आहे हे कळल्यावर खूण लक्षात राहायला कितीसा वेळ लागतो?

त्याच्या आईचे एक रोजचे काम मी खिडकीतून पाहत असे. वाण्याकडून तिखट-हळदीची पुडी यायची ती जुन्या वर्तमानपत्रात बांधलेली. ती बाई पुडी सोडायची, कागद मांडीवर सरळ करायची, मुलाला जवळ ओढायची आणि कागदावर बोट ठेवून विचारायची, "इथं का लिवलं आहे रे?" पोरगा गंभीरपणे बोट फिरवत सांगायचा, "इथं लिवलं आहे, वाघ आला." "मंग?" "मंग वाघानं बकरी नेली." "कोनाची?" असे तासभर चालायचे. कागदावर साखरेचे भाव असोत की कुणाचे भाषण, त्यांच्या वाचनात वाघ असायचाच. रात्री शिपाई घरी आला की तोच कागद त्याच्यापुढे यायचा आणि तो दोन ओळी खरोखरच्या वाचून दाखवायचा. मग माय-लेक दोघेही ऐकायचे आणि आपली गोष्ट जास्त चांगली होती असे ठरवायचे.

मी एकदा तिला म्हटले, "अहो बाई, तुम्हाला वाचता येत नाही, मग कशाला त्या पोराला चुकीचं शिकवता?" ती लाजून म्हणाली, "मले वाचता नाई येत जी साहेब, पन आयकता येते ना."

तेव्हा मी ते वाक्य शाखेत जाऊन विनोद म्हणून सांगितले. त्याचा अर्थ कळायला मला पुष्कळ वर्षे लागली. तो मुलगा पहिलीत गेला तेव्हा त्याला एकही अक्षर येत नव्हते, पण दिवाळीपर्यंत तो वाचू लागला. कागदावरच्या काळ्या रेघा बोलतात, डावीकडून उजवीकडे बोलतात, एका ओळीनंतर खालची ओळ येते, आणि त्यांतून जे निघते त्याला पुढे 'मग?' असते, हे सगळे तो आईच्या मांडीवरून शिकून गेला होता. शाळेला फक्त अक्षरे द्यायची राहिली होती. माझी मुलगी शाळेत गेली ती नेमके उलटे घेऊन. तिच्याकडे अक्षरे सगळी होती, 'मग?' मात्र नव्हते.

हे काही मी शोधून काढलेले नाही. महाराष्ट्राला ते फार पूर्वीच माहीत होते. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, तेव्हापासून लहान मुलाला अक्षराआधी गोष्ट, गाणे आणि हाताला काम हवे, असे त्या सांगत आल्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी केंद्र सुरू केले, सोबतीला अनुताई वाघ आल्या, आणि पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांत गेल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. साधने म्हणजे खडे, बिया, पाने, शिंपले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, पण त्यातले अंगण सगळीकडे गेले असे म्हणवत नाही. पुष्कळ ठिकाणी खिचडी, वजनकाटा आणि भिंतीवर तोच अननसाचा तक्ता.

अननसावर मी इतका का घसरतो, असे तुम्ही म्हणाल. आमच्या भागात मोहाचे झाड प्रत्येक पोराला ओळखीचे आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मायसोबत फुले वेचायला ते जाते. मे महिन्यात तेंदूची पाने येतात, सत्तर पानांचा एक पुडा बांधताना पाच वर्षांचे पोर मोजायला शिकते. मग म मोहाचा का नको? पण हे म्हणणे अर्धेच झाले. मोहाचे चित्र काढले की प्रश्न सुटला, असे शहरात बसून वाटते. खरा पेच चित्राचा नाही, कानाचा आहे.

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या या पट्ट्यात, आम्ही जी मराठी बोलतो तिच्यात ण चा न होतो आणि ळ चा र. पाणी म्हणजे पानी, डोळा म्हणजे डोरा. छत्रीची सत्री होते. आता घरात डोरा म्हणणारे पोर पहिल्याच आठवड्यात तक्त्यावरच्या ळ पुढे उभे राहते. ते अक्षर कशासाठी आहे, हे त्याला कळणार कसे? त्याच्या कानाने तो आवाज कधी ऐकलेलाच नाही. शिक्षक म्हणतात, "डोरा नाही, डोळा म्हण." पोराला ऐकू येते ते एवढेच, की आपली माय चुकीचे बोलते. एकदा हे पक्के झाले की ते तोंड मिटते, आणि मिटलेल्या तोंडाने कुणी वाचायला शिकल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचा अभ्यास करून तिला मान मिळवून दिला. वडशाच्या नाटक मंडळ्यांनी तर ती रात्रभर हजारो माणसांना ऐकवली. पण लहान मुलाच्या पाटीपर्यंत हा मान अजून आलेला नाही. आणि हे झाले मराठी बोलणाऱ्यांचे. धानोऱ्याच्या आसपास घरात गोंडी, भामरागडला माडिया, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्यांची बंगाली, कोरचीला छत्तीसगढी. एका जिल्ह्यात इतक्या भाषांची घरे आणि शाळेच्या दारात बहुधा एकच तक्ता. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ मध्ये शाळा सुरू केली तेव्हा मुलांना मराठी येत नव्हती. मुले शिकावीत म्हणून आधी मोठ्यांना माडिया शिकावी लागली. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची आपली स्वतःची शाळाच काढली. ती चालवताना त्यांना कायद्याच्या किती पायऱ्या चढाव्या लागल्या, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

घरातल्या माणसांना यातून घेण्यासारखे एकच आहे. मुलाशी आपल्या बोलीत बोलावे, भरपूर बोलावे. पुस्तकी मराठी नंतर येईल, आणि इंग्रजीही. आमच्या कॉलनीत इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांचे आईवडील घरी मुलांशी तीन-तीन शब्दांचे इंग्रजी बोलतात. 'कम', 'सिट', 'ईट फास्ट'. ज्या भाषेत आपल्याला भांडता येत नाही, गोष्ट सांगता येत नाही, त्या भाषेत मुलाला वाढवणे म्हणजे त्याला अर्धपोटी ठेवणे होय. गोंडी बोलणाऱ्या आजीची रानातली गोष्ट त्या पोराच्या पुढच्या मराठी वाचनालाच उपयोगी पडते, कारण गोष्ट कशी चालते हे एकदाच शिकावे लागते.

आता माझ्या नातवाकडे येतो. शिकवायचे नाही, असे वचन दिले होते, म्हणून आम्ही फिरायला जाऊ लागलो. जटपुरा दरवाजापासून गांधी चौकापर्यंत दुकानांच्या पाट्याच पाट्या. मी काही विचारत नव्हतो. तोच विचारायचा, "आबा, इथे काय लिहिलंय?" मी वाचून दाखवायचो आणि गप्प राहायचो. हे गप्प राहणे मला फार जड गेले. बँकेतल्या माणसाला अर्धवट सोडलेली नोंद सोसत नाही. आठ-दहा दिवसांनी एका किराणा दुकानासमोर तो म्हणाला, "हा क, आणि तो औषधाच्या दुकानाच्या मागच्या दुकानावरचा पण क." मी म्हटले, "असेल." मनातून मी किती उड्या मारल्या ते मलाच माहीत.

एसटीने नागभीडला जाताना आम्ही भेंड्या खेळतो. गाण्यांच्या नव्हे, गावांच्या. चंद्रपूर म्हटले की र, मग राळेगाव. व वरून वडसा, स वरून सिरोंचा, च वरून चामोर्शी, श वरून शेगाव, आणि पुन्हा व वरून वरोरा. या खेळात पाटी नाही, पेन्सिल नाही. पण शब्द तुकड्यांचा बनलेला असतो आणि शेवटचा तुकडा सुटा काढून दुसरीकडे लावता येतो, हे त्याच्या कानाला कळते. अक्षर म्हणजे त्या तुकड्याचे चित्र. आधी कानाला तुकडा सापडू द्यावा, मग डोळ्याला चित्र दाखवावे. आपल्या जुन्या भेंड्या, कोडी, उखाणे, टाळ्यांचे खेळ यांत हे सगळे होते. आपण त्यांना वेळ घालवणे म्हणत होतो.

गोष्टीचेही तसेच. चिमणी-कावळ्याची गोष्ट नातवाने या चार महिन्यांत किमान पन्नास वेळा ऐकली असेल. मी कंटाळून एखादे वाक्य गाळले, तर तो मला थांबवतो. हा हट्ट नाही. पुढचे वाक्य काय येणार हे आधी ओळखणे आणि मग ते तसेच आलेले पाहणे, यात त्याला आनंद आहे, आणि वाचणारा प्रत्येक माणूस आयुष्यभर तेच करत असतो. पुस्तक असले तर फार बरे. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्यांची उत्तम चित्रपुस्तके आता मराठीत आहेत. माझ्या मुलीच्या लहानपणी असती तर, असे वाटते. पण पुस्तक नसले म्हणून अडत नाही, हे मी वाण्याच्या पुडीवर शिकलो आहे. पाने मुलालाच उलटू द्यावीत, ओळीखालून आपले बोट सावकाश न्यावे, आणि त्याने 'चुकीचे' वाचले तर लगेच तांबडी शाई काढू नये. दहा मिनिटे पुरतात. रोज मात्र हवीत.

एका संध्याकाळी त्याने मला कोड्यात टाकले. देवाजवळच्या कॅलेंडरवर 'दिवाळी' लिहिले होते. तो म्हणाला, "आबा, आधी दी म्हणतो, मग ही काठी द च्या आधी का आली?" वेलांटी! छत्तीस वर्षे सह्या केल्या, कादंबऱ्या लिहिल्या, पण पहिली वेलांटी डोळ्याला आधी भेटते आणि तोंडाला नंतर, हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते. आपली लिपी सरळ आहे, जसे बोलतो तसे लिहितो, असा आपल्याला अभिमान. तो बराचसा खरा आहे. तरी लहान मुलाच्या जागी बसून पाहा. चाकातला च निराळा आणि चहातला च निराळा, चित्र मात्र एकच. घ आणि ध, भ आणि म यांच्यात एवढासा फरक. चौतीस व्यंजने धरली आणि त्यांना बारा-बारा स्वर लावले, तर चारशे आठ चित्रे होतात, जोडाक्षरे वेगळीच. कन्नड लिपी आपल्याच ब्राह्मी घराण्यातली. ती शिकणाऱ्या मुलांचा सोनाली नाग यांनी अभ्यास केला, तेव्हा अक्षरांची ओळख पक्की होण्याचे काम तिसरी-चौथीपर्यंत चालूच असते, असे त्यांना दिसले. आणि मी चार वर्षांच्या पोरीकडून ते एका पावसाळ्यात करून घ्यायला निघालो होतो!

फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी यावर काढलेला मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाईंनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि मराठी मुलांना मराठी वाचायला शिकवण्यात आयुष्य घातले. अ पासून ज्ञ पर्यंत क्रमाने जायचे नाही. थोडी अक्षरे, एखादी मात्रा, आणि तेवढ्यातून लगेच खरे शब्द. म्हणजे पहिल्याच आठवड्यात मुलाच्या हाती काहीतरी वाचल्याचा आनंद पडतो. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अॅश्टन-वॉर्नर माओरी मुलांना शिकवत होत्या. त्यांचे 'टीचर' हे पुस्तक १९६३ साली आले. त्या प्रत्येक मुलाला रोज विचारत, आज तुला कुठला शब्द हवा? ज्या शब्दाची मुलाला भीती वाटते किंवा ज्यावर त्याचा जीव आहे, तो शब्द एकदा दाखवला की पुन्हा दाखवावा लागत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

माझ्या नातवाला हवा असलेला शब्द 'वाघ' निघाला. चंद्रपुरात दुसरे काय निघणार? ताडोबाच्या रस्त्यावर पाटीवर वाघ, चौकात वाघ, वर्तमानपत्रात तर दर आठवड्याला. मोह वेचायला गेलेली, तेंदू तोडायला गेलेली माणसे परत येत नाहीत, त्या बातम्याही त्याच अक्षरांत असतात. मी त्या बातम्या त्याला वाचून दाखवत नाही. पण 'वाघ' हा शब्द त्याने मथळ्यातून एकट्याने शोधून काढला, तोही 'वाघाच्या' असा शेपूट लावलेला. शेपटीकडे त्याने दुर्लक्ष केले. मीही केले.

धानोऱ्याच्या शाखेत अंगठा उठवणारी माणसे रोज येत. पासबुकातली बाकी वाचून दाखवायचे काम माझ्याकडे असायचे. एका म्हाताऱ्याची रीत मला अजून आठवते. तो माझ्याकडून आकडा ऐकायचा, मग बाहेर जाऊन एसटीच्या थांब्यावर एखाद्या अनोळखी माणसाला पासबुक दाखवायचा, आणि वाटेत शाळेचे पोर भेटले तर त्यालाही. तिघांचा आकडा जुळला की घरी. पहिल्यांदा मला राग आला. आपल्यावर विश्वास नाही म्हणजे काय? नंतर विचार केला, की ज्याला वाचता येत नाही त्याला सगळ्या जगावर विश्वास ठेवावा लागतो. हा माणूस तो एकट्या माझ्यावर ठेवायला तयार नव्हता, हेच बरोबर होते. जंगलातली माणसे जंगल वाचतात, हे वाक्य शहरी लेखकांना फार आवडते. मला ते आवडत नाही. ठसे ओळखता येणाऱ्या माणसालाही सावकाराचा कागद वाचता यायला हवा.

त्याच रस्त्याने बांबूचे ट्रक बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जायचे. आमच्या रानातल्या बांबूचा कागद व्हायचा आणि ज्या गावातून बांबू गेला तिथल्या घरात कोरा कागदही नसायचा. पुढे धानोऱ्याजवळच्याच मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतुकीच्या परवान्यांचे पुस्तक गावाच्या हाती दिले. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकऱ्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे अभ्यासगट चालवला होता. मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकात ते सविस्तर लिहिले आहे. वाचता येणारे आणि न येणारे एकत्र बसून कायद्यावर बोलत. मला त्यात पुडीच्या कागदावर बोट ठेवणारी ती बाईच दिसते. इथे काय लिहिले आहे? मग? कोणाची?

असर नावाची पाहणी २००५ पासून गावोगाव जाऊन मुलांना चार ओळी वाचायला देते. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या शंभर मुलांपैकी साधारण सत्तावीस मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. उरलेली त्र्याहत्तर मुले कुठे अडतात, याबद्दल शाळेला बोल लावणे सोपे आहे आणि काही अंशी तो खराही आहे. पण त्यांच्यापैकी कितीजणांना शाळेआधी कुणी मांडीवर घेऊन 'मग?' असे विचारले असेल, हा प्रश्न मला सोडत नाही. ते विचारायला पैसे लागत नाहीत, शिक्षण लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि मजुरीवरून सहा वाजता येऊन चूल पेटवणाऱ्या बाईकडे तो कमी असतो, हेही मी जाणतो. ज्यांच्याकडे आहे, ते मुलाच्या हाती मोबाइल देऊन मोकळे होतात. मोबाइलही गोष्ट सांगतो, पण तो मुलाची गोष्ट ऐकत नाही.

मुलीने हे सगळे दुरून पाहिले असणार. ती काही बोलत नव्हती. मागच्या रविवारी दुपारी मी आडवा झालो होतो. नातवाने कपाटातून माझी एक कादंबरी ओढून काढली, जाडजूड, चित्र नसलेली, आणि जमिनीवर बसून वाचायला लागला. बोट ओळीवरून फिरत होते, मात्रा-वेलांट्यांवर थोडे थांबतही होते. "एकदा एक वाघ आला," तो मोठ्याने म्हणाला. मुलगी कपड्यांच्या घड्या घालत होती. ती हातातला शर्ट तसाच ठेवून त्याच्या मागे येऊन बसली.

"मग?" ती म्हणाली.

"मग तो बँकेत गेला."

"कशाला?"

"टोकन घ्यायला."

बराच वेळ ते चालले. शेवटी तिने त्याच्या डोक्यावरून वाकून ते पान पाहिले, मुखपृष्ठ उलटून पाहिले, आणि मला विचारले, "बाबा, यात खरंच वाघ आहे का हो?"

त्या कादंबरीत वाघ नाही. तालुक्याच्या गावातल्या एका भावकीच्या भांडणाची ती गोष्ट आहे.

"आहे," मी म्हणालो. "पण जरा पुढे आहे."